पिसाच्या मनोऱ्यापुढचा फोटो

वडीगोद्री, ता. अंबड
२४ सप्टेंबर २०००

आत्या,

संपतचा दंडवत घे. दादा बरे हायेत. दिवसभर दुकानाच्या ओट्यावर बसून गिऱ्हाइकांशी हुज्जत घालून राह्यले. बेबीनंदा म्हणते, आत्याबाई रिटायर झाल्या तरी इकडं चार दिवस येत न्हाईत. माझं न्हाई तर तुझ्या सूनबाईचं तरी ऐक.

कामाचं लिहितो. कार्तिक वद्य पंचमीला, म्हणजे १६ नोव्हेंबरला, आईचं वर्षश्राद्ध हाय. मंडपात लावायला तिचा चांगला फोटो पाहिजे आणि आमच्या घरात एकच हाय, माझ्या लग्नातला. त्यात ती वाढप्यांवर वरडून राह्यली आणि अर्धं तोंड बुंदीच्या परातीमागं गेलंय. तो कसा लावणार?

तुझ्याकडं युरोपचा आल्बम हाय. ब्याण्णवला बियाण्याच्या कंपनीनं दादाला जोडीची ट्रिप दिल्ती, तालुक्यात सगळ्यात जास्त कपाशीचं बियाणं विकलं म्हणून. दादाला पेरणीच्या तोंडावर दुकान सोडता येईना, मंग आईसंगं तू गेल्तीस. तेव्हापासून आल्बम तुझ्यापाशीच. मी आईला दोनदा म्हणलं, आपल्या घरी आण. ती म्हणायची, राहू दे, मालनला शाळेतल्या पोरांना दाखवायला लागतो.

तो जल्दी पाठव. एक फोटो मोठा करून घेतो. बाकीचा आल्बम मंडपात टेबलावर ठेवतो, पाव्हण्यांनी बघावं. लंडन, पॅरिस, रोम! तालुक्यात कोणाची माय गेली हाय?

आणि दुकानात फोन असताना तू पत्रच का लिहितेस? एखादा फोन कर ना.

तुझा
संपत


केदारखेडा, ता. भोकरदन
१ ऑक्टोबर २०००

चि. संपत,

फोन करत नाही, कारण बूथवर मीटर पळतं आणि बूथवाला कान टवकारून बसतो. पत्रात मला पाहिजे तेवढं बोलता येतं, मध्ये कोणी 'हॅलो हॅलो' करत नाही.

आधी एक दुरुस्ती. पेरणीमुळे दुकान सोडता आलं नाही, हे तुझ्या बापानं गावाला सांगितलं. खरं म्हणजे तो विमानाला भ्याला. तिकिटं हातात पडल्यावर त्याला तीन दिवस जेवण गेलं नाही. शेवटी वहिनीच म्हणाली, "तुम्ही ऱ्हा घरी, मी मालनला नेते." कंपनीचा साहेब अडून बसला, जोडीच पाहिजे. वहिनी त्याला म्हणाली, "नणंद-भावजयीची जोडी होत न्हाई का?" साहेबानं तिकिटावर माझं नाव घातलं. मला तेव्हा दिवाळीसुद्धा शाळेच्या तारखा बघून करायची सवय होती आणि मी पंधरा दिवसांत चार देश बघून आले.

शेजारचा रामकिसन उद्या मका घेऊन जालन्याच्या मोंढ्यात जातोय. आल्बम तो तुझ्या टेम्पोवाल्याच्या हाती देईल. प्रत्येक फोटोच्या मागे मी शाईनं लिहिलंय, ठिकाण कोणतं, कोणत्या साली बांधलं. पाव्हण्यांना नीट वाचून दाखव. मागे आपल्या अण्णासाहेबानं आयफेल टॉवर बघून "पॅरिसचं दूरदर्शन केंद्र" म्हणून सगळ्या बैठकीला सांगितलं होतं.

फ्रेमसाठी लंडनच्या मोठ्या घड्याळापुढचा फोटो घे. डोक्यावर पदर आहे, हात जोडलेले आहेत, तुम्हा लोकांना पाहिजे तसा आहे.

आता नीट वाच. आल्बमच्या मागच्या खिशात खाकी पाकीट आहे. त्यात एकच फोटो, इटलीतला, पिसाच्या कलत्या मनोऱ्यापुढचा. तो मंडपात ठेवायचा नाही, कोणाला दाखवायचा नाही. तो फक्त तुझ्यासाठी पाठवतेय. वहिनी मला सगळ्यात जास्त त्या फोटोत दिसते आणि तू तिचा एकुलता एक, तुलाही ती दिसावी म्हणून. एकट्यानं बघ आणि पाकिटात परत ठेव. त्याची दुसरी प्रत नाही. निगेटिव्ह पत्र्याच्या पेटीत पाणी शिरलं तेव्हा एकमेकींना चिकटून वाया गेल्या. आठ वर्षांत हा फोटो वहिनी आणि मी सोडून कोणी पाहिलेला नाही.

रखमाजीभाऊला सांग, हुज्जत कमी घाल, गोळ्या वेळेवर घे.

मालन आत्या


वडीगोद्री
१८ ऑक्टोबर २०००

आत्या,

दंडवत. आल्बम मिळाला. दुकानात सगळ्यांनी बघितला. काकासाहेब सरपंच तर रोमच्या त्या मोडक्या गोल इमारतीचा फोटो बघून म्हणले, आपल्या पंचायतीचं बांधकाम बरं हाय यापरीस. लई हसलो.

सोबत वर्षश्राद्धाची पत्रिका पाठवून राह्यलो, वर आईचा फोटो छापलाय. बघ कसा झक्कास झालाय! अंबडचा फोटोवाला हुशार माणूस हाय. लंडनच्या फोटोत आईचं तोंड हरभऱ्याएवढं, मोठं केलं की धूसर व्हायचं. तो म्हणला, जवळून घेतलेला आणा. मंग तो पाकिटातला दिला. त्यात तोंड मोठं हाय. फोटोवाल्यानं ब्रशनं डोक्यावर पदर दिला, कपाळावर ठसठशीत कुंकू काढलं, तोंड मिटवलं, मागं निळे ढग घातले. अगदी देवमाणूस दिसून राह्यली. तीन फुटी फ्रेम केली हाय, वर लायटिंग.

आल्बम कार्यक्रम झाल्यावर परत देतो. काळजी करू नको.

संपत


केदारखेडा
२४ ऑक्टोबर २०००

संपत,

डोक्यावर पडलास काय रे तू? पत्रिका पाहिली. आधी मला कळेचना ही बाई कोण. मग खाली नाव वाचलं, "कै. चांगुणाबाई रखमाजी". मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. नाक तेवढं वहिनीचं आहे. बाकी त्या अंबडवाल्याची कोणीतरी मावशी असावी.

तोंड मिटवलं म्हणतोस? जिवंतपणी जे कोणाला जमलं नाही, ना तुझ्या आजीला, ना तुझ्या बापाला, ते त्या ब्रशवाल्यानं करून दाखवलं! आणि तू मला कौतुकानं लिहितोस, "झक्कास झालाय". लाज कशी वाटली नाही तुला?

ती का हसत होती ते तरी विचारायचं होतंस मला. ऐक. पिसाला गेलो तर मनोरा खरंच कललेला. आमच्या गाडीतले सगळे डीलर हवेत हात पुढे करून उभे राहायला लागले, म्हणजे फोटोत मनोरा हातानं सावरल्यासारखा दिसतो. जो तो तेच करतोय, गोरे लोकसुद्धा. परभणीच्या एका डीलरांनी आमचा कॅमेरा घेतला आणि वहिनीला म्हणाले, "वहिनी, तुम्हीबी लावा हात, पडू देऊ नका त्याला." वहिनी म्हणाली, "पडू द्या मेल्याला! माझ्या घरी काय कमी हाय का सावरायला?" आणि स्वतःच्याच बोलण्यावर अशी हसली की पदर घसरून खांद्यावर आला, वाऱ्यानं केस तोंडावर आले, मागचे दोन दात पडलेले तेही दिसले. त्याच घटकेला त्यांनी बटण दाबलं. पंधरा दिवसांत आम्ही राजवाडे पाहिले, चर्च पाहिले, दोन हजार वर्षांचा आखाडा पाहिला, आणि मला विचारशील तर सगळ्यात बघण्यासारखं ते होतं.

आणि तुम्ही मनोरा काढलात, वारा काढलात, दात काढलेत, आणि ढग घातलेत. ढग! वहिनीला ढग कधी आवडले होते रे? तिचे कपडे वाळायचे असायचे.

मी स्पष्ट लिहिलं होतं, कोणाला दाखवायचा नाही. तुला वाचता येतं अशी माझी समजूत होती, पहिली-दुसरी मीच तुला शिकवली आहे.

आता एकाच प्रश्नाचं उत्तर दे. मूळ फोटो कुठे आहे? मला ब्रश लावलेला नको, मोठा केलेला नको. मूळ, अख्खा, पोस्टकार्डाएवढा. त्यात वहिनी एकटी नव्हती. तिच्या शेजारी मी उभी होते. पत्रिकेत तिच्या खांद्यावर माझी दोन बोटं राहिलीत, ती त्या शहाण्यानं पदराचा काठ समजून हिरवी रंगवली आहेत.

उलट टपाली उत्तर पाहिजे.

मालन


वडीगोद्री
३० ऑक्टोबर २०००

आत्या,

दिवाळीच्या दिवसांत असं पत्र लिहितं का कोणी? बेबीनंदानं वाचलं, दादानं ऐकलं, सगळ्या घराचं तोंड उतरलं.

मी काय गुन्हा केला? वर्षभर धावपळ करून राह्यलो. मंडप, आचारी, कीर्तनकार, चारशे माणसांचं जेवण, सगळं एकटा बघून राह्यलो, आणि तू ढगांवरून मला शिव्या घालतेस! मंडपात आईचा फोटो कसा पाहिजे? डोक्यावर पदर न्हाई, केस मोकळे, तोंड उघडं, दात पडलेले. असा लावला असता तर लोकांनी मला काय म्हणलं असतं? मेलेल्या आईचा तमाशा मांडला म्हणले असते. सगळ्या गावात मेलेल्या माणसांचे फोटो असेच करतात. कडूबाच्या बापाचा फोटो बघ, जन्मात कोट घातला न्हाई, फोटोत कोट हाय. कोणी भांडलं का?

मूळ फोटो फोटोवाल्यानं कामासाठी कापला. तोंड तेवढं ठेवलं, बाकीचा तुकडा त्याच्या कचऱ्यात गेला असंल. मी विचारलं, तो म्हणला सापडत न्हाई. मी काय करू? एका तुकड्यासाठी एवढं? तुझे पन्नास फोटो त्या आल्बममध्ये हायेत. लंडनला हायेस, पॅरिसला हायेस, घोड्याच्या पुतळ्यापाशी हायेस. पाहिजे तो मोठा करून देतो, खर्चा माझा.

संपत


केदारखेडा
५ नोव्हेंबर २०००

संपत,

तुझं पत्र आलं आणि दुसऱ्या दिवशी मी अंबडला गेले. तीन गाड्या बदलल्या. बस स्टँडवर चार लोकांना विचारत तुझा फोटोवाला शोधला. गरीब माणूस आहे, तोंडावर खोटं बोलता येत नाही त्याला. माझ्यासमोर रद्दीचं खोकं उलटं केलं. मग म्हणाला, "बाई, खोटं कशाला बोलू, माझ्याकडं फोटो आला तोच कापलेला आल्ता. नुसतं तोंड अन् खांदा. शेटजींनी घरूनच कापून आणला." त्याच्यापाशी होता तो वहिनीचा तुकडा त्यानं मला दिला. त्याची कड मी बघितली. सरळ, एका दमात मारलेली कात्री आहे.

म्हणजे पाकीट तू उघडलंस, फोटो पाहिलास, आणि वहिनीला माझ्यापासून कापलंस. आणि नाव घेतलंस त्या गरिबाचं. हे मला कळणार नाही असं वाटलं होतं तुला?

कशाला कापलंस ते मला माहीत आहे. तूही लिहिलं नाहीस, मीही लिहिलं नाही. आता मी लिहिते.

त्या फोटोत माझ्या कपाळावर कुंकू आहे.

धर्मराज गेले तेव्हा मी बावीस वर्षांची होते. लग्नाला आठ महिने झाले होते. तुझ्या आजीनं ओल्या फडक्यानं माझं कपाळ पुसलं, एवढं जोरात की दोन दिवस आग होत होती. त्यानंतर त्या ट्रिपपर्यंत अठ्ठावीस वर्षं मी नोकरी केली, चार शाळा बघितल्या, हजार पोरं शिकवली, हळदीकुंकवाला दारातून परत फिरले. तक्रार केली नाही. कोणाकडे करणार होते?

पिसाच्या हॉटेलात सकाळी वहिनी आरशापुढे मेण लावून कुंकू लावत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मालन, इकडं ये." मी गेले. ती म्हणाली, "इथं ना तुझं सासर, ना माहेर. इथं कोण बोट दाखवणार हाय तुला?" मी नको नको म्हणत होते. तिनं माझी हनुवटी धरली आणि लावलं. मग लांब होऊन बघितलं आणि म्हणाली, "आता कशी माझी नणंद दिसतेस." बस्स, एवढंच. दिवसभर आम्ही त्यावर एक शब्द बोललो नाही. डीलर मंडळींपैकी कोणाच्या ध्यानातही आलं नाही. संध्याकाळी मीच पुसलं. वहिनी म्हणाली, "राहू दे की." मी म्हणाले, सवय लागेल.

त्या दिवशी आमच्या कॅमेऱ्यात तेवढा एकच फोटो निघाला. बावीस ते अठ्ठावन्न, या सगळ्या वर्षांत कपाळ भरलेला माझा तेवढा एकच फोटो या जगात होता. आल्बम वहिनीनं तुमच्या घरी ठेवला नाही तो त्याच्यामुळे. शाळेतल्या पोरांचं नाव सांगितलं तुला.

माझा तुकडा कुठे आहे? या वेळी खरं लिही. मला तुझं खोटं वाचायचा कंटाळा आला आहे.

मालन


वडीगोद्री
९ नोव्हेंबर २०००

आत्या,

खरं लिहितो. कात्री माझीच. बियाण्याच्या पिशव्या कापायची, दुकानातली. पाकीट दुकानातच उघडलं. आधी वळखूच आलं न्हाई, ही कोण बाई आईसंगं उभी. मंग वळखलं आणि आधी दुकानाचं दार लोटलं. मंडपात सगळे भाऊबंद येणार. चुकून कोणाच्या हाती लागला तर सगळ्या तालुक्यात तुझं नाव खराब व्हईल. तुझी अब्रू जाऊ नये म्हणून कापला. तुकडा चुलीत घातला. तो आता न्हाई. बेबीनंदानं बघितलं, ती दोन दिवस माझ्यासंगं बोलली न्हाई.

माझ्या मनाला मी हेच सांगत आल्तो, अब्रूसाठी केलं म्हणून. पण तू खरं लिही म्हणलीस, तर अजून एक लिहितो. तुझ्या कपाळापरीस मला आईच्या हसण्याचा राग आल्ता. पस्तीस वर्षं मी त्या माउलीच्या हातचं खाल्लं. तिला असं हसताना एकदाबी बघितलं न्हाई. आमच्या घरात ती कामाला असल्यासारखी वावरायची. मला वाटायचं, तिचा सभावच तसा हाय. आणि तिकडं परक्या मुलखात, परक्या माणसांम्होरं, एवढं तोंड उघडून! मंग आम्ही कोण होतो तिचे? त्या फोटोतल्या बाईला मी वळखतच न्हाई असं वाटलं. म्हणून फोटोवाल्याला म्हणलं, तोंड मिटव.

झालं ते झालं. तू मोठी हायेस, पोटात घाल. आता एक विनंती हाय. आई अहेव गेली म्हणून १६ तारखेला पाच सवाष्णी जेवू घालायच्या हायेत, पुरणावरणाचा सैपाक. बेबीनंदा एकटी पडंल. तू १५ लाच ये, पुरण तुझ्याच हातचं पाहिजे. सवाष्णींच्या ओट्या भरायला गिरिजाकाकी येणार हाय, त्यामुळं तुला तिकडं यायचं काम न्हाई. तू आपली निवांत सैपाकघर सांभाळ.

तुझा
संपत


केदारखेडा
१२ नोव्हेंबर २०००

संपत,

खरं लिहिलंस. उशिरा लिहिलंस, पण लिहिलंस. चुलीत गेलं ते आता मी मागत नाही.

आई घरात का हसली नाही म्हणून तुला राग आला. मग तो राग तिच्यावर कशाला काढलास? इकडे माझ्याकडे आली की ती रोज हसायची. भाकरी थापताना हसायची, तुझ्या बापाची नक्कल करून हसायची, मला खोकला लागेपर्यंत हसवायची. तुमच्या घरात तिला काय पाहिजे, हे पस्तीस वर्षांत तू तिला एकदा तरी विचारलंस का? मला नाही आठवत. आणि शेवटी एकदा तिचं हसणं तुझ्या हातात दिलं, तर तू ब्रशवाल्याला म्हणालास, मिटव. ते दुःख तुझं तू सांभाळ. मी त्यात मदत करू शकत नाही.

माझ्या अब्रूची काळजी केलीस त्याबद्दल मात्र बोलते. माझी अब्रू तुझ्या कात्रीवर टिकलेली नाही. छत्तीस वर्षं ती मी एकटीनं सांभाळली आहे आणि या म्हातारपणी मला दिसायला लागलं की ती माझ्यासाठी कधी नव्हतीच, तुमच्यासाठी होती.

पंधराला मी येत नाही. पुरण बेबीनंदाला येतं, वहिनीनंच तिला शिकवलंय. तिला म्हणावं, दोन दिवस बोलली नाहीस त्याबद्दल आत्याचा आशीर्वाद.

सोळाला सकाळच्या गाडीनं येते. कुंकू लावून येते. घरूनच लावून निघणार. केदारखेड्याच्या स्टँडवर, जालन्याच्या स्टँडवर, अंबडला, जिथे जिथे गाडी थांबेल तिथे लोक बघतील, बघू देत. फोटो होता तोवर तो मी पाकिटात ठेवला, आठ वर्षं दडवला, आणि शेवटी तुझ्या हातून गेलाच. आता दडवायला काही शिल्लक नाही.

सैपाकघरात मी जाणार नाही. पाच सवाष्णींच्या ओळीत सहावं पान मांड. त्या पानावर मी जेवायला बसणार आहे आणि माझी ओटी गिरिजाबाईनं नाही, तू स्वतः पुढे होऊन बेबीनंदाकडून भरवून घ्यायची आहेस. भाऊबंदांतलं कोणीतरी मला उठवायला येईलच. मी त्याच्याकडे बघणार नाही. तुझ्याकडे बघणार आहे. तेव्हा सगळ्या मंडपासमोर तू काय बोलणार, ते आजच ठरवून ठेव.

मालन